माशांच्या घरात बेडूक

प्रिय वैजू,

चिन्मयला ॲक्सोलॉटल हवाय, हे वाचून हसू आलं. २०२१ मध्ये तो माइनक्राफ्टमध्ये आला आणि पोरांनी घरोघरी धोशा लावला. दिसतो गोड, नाही कोण म्हणतंय! पण बाई, तो मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या थंड पाण्यातला. त्याला १६ ते १८ अंश लागतात, तुझ्या गप्पी-निऑनना २४ ते २६. त्यात नागपूरचा मे महिना! शिवाय त्याचे झुबकेदार कल्ले डोक्याबाहेर असतात, ते मासे कुरतडतात. आणि तोंडात मावेल तो मासा तो गिळतो. मेक्सिकोच्या ५० पेसोंच्या नोटेवर त्याचं चित्र आहे, ते छापून भिंतीवर लाव म्हणावं.

लाल पोटाचा न्यूटही नको. त्यालाही गारवा लागतो, आणि कातडीत विष असतं.

माशांबरोबर उभयचर ठेवायचाच तर आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग. जेमतेम दीड-दोन इंचांचा, जन्मभर पाण्यात राहणारा, तापमानही तुझ्या माशांचंच. फुप्फुसांनी श्वास घेतो, त्यामुळे सारखा वर येऊन हवा घेतो. म्हणून टाकी फार उंच नको, फिल्टरचा झोत मंद हवा आणि झाकण घट्ट, कारण हा उडी मारतो.

दुकानात मात्र डोळे उघडे ठेव. याच नावाखाली क्लॉड फ्रॉगची पिल्लं गळ्यात मारतात. पुढचे पाय बघायचे: बोटांमध्ये पडदा असेल तर ड्वार्फ, बोटं सुटी असतील तर क्लॉड. तो वाढून चार-पाच इंचांचा होतो आणि तुझी टाकी रिकामी करतो. (गंमत म्हणजे हाच क्लॉड फ्रॉग एके काळी गर्भचाचणीला वापरत. बाईची लघवी टोचल्यावर बेडकीनं अंडी घातली की पेढे! आपल्या आज्यांना हे ठाऊक असतं तर काय म्हणाल्या असत्या!)

खरी अडचण जेवणाची. ड्वार्फला धड दिसत नाही, तो वास घेत घेत चाचपडतो. तोवर मासे सगळं फस्त करतात. वर तरंगणारे दाणे तर त्याच्या उपयोगाचेच नाहीत. गोठवलेले ब्लडवर्म वितळवून ड्रॉपरनं थेट त्याच्यापुढे सोडायचे, तेही आधी माशांना दुसऱ्या कोपऱ्यात खाऊ घालून. हे चिन्मयचं काम. त्याला जमणार नसेल तर बेडूक आणूच नकोस.

सोबतीला निऑन, रासबोरा, कोरी चालतील. गप्पीही, पण त्यांची पिल्लं बेडूक खाईल. तुझे टायगर बार्ब मात्र आधी कुणाला तरी देऊन टाक, ते पाय कुरतडतात. एंजलफिश मोठा झालाय म्हणतेस, मग तोही नको. आणि माशांना पांढरे ठिपके आले म्हणून मीठ किंवा तांब्याचं औषध टाकीत ओतशील, तसं करू नकोस. बेडकाची कातडी सगळं शोषून घेते. नळाचं पाणी क्लोरीन काढल्याशिवाय घालायचं नाही, तेही याच कारणानं.

एकटा आणू नकोस, दोन-तीन आण. नर रात्री बारीक गुणगुणतो, ऐकशीलच.

आणि उद्या कंटाळा आला तर फुटाळा तलावात नेऊन सोडू नका. बाहेरच्या बेडकांबरोबर कातडीची बुरशीही येते, आणि आपल्या बेडकांना ती नकोच. दुकानदाराला परत द्या, नाहीतर मला फोन कर.

तुझी,
शमा