१८० अंशांपाशी फाटणारा नकाशा

फिजीची राजधानी सुव्हा सुमारे १७८.४ अंश पूर्व रेखांशावर आहे. त्याच देशाचे वनुआ बलावू हे बेट सुमारे १७९ अंश पश्चिम रेखांशावर. दोहोंमधील अंतर तीनशे किलोमीटरांच्या आतले. परंतु नकाशाच्या संगणक-प्रणालीत पूर्व रेखांश धन आणि पश्चिम रेखांश ऋण मांडण्याचा प्रघात आहे. १७८.४ आणि उणे १७९ यांची सरळ वजाबाकी केली की फरक ३५७.४ अंश येतो. म्हणजे जवळजवळ साऱ्या पृथ्वीची प्रदक्षिणा! दोहोंचा मध्य काढावा, तर तो आफ्रिकेच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात पडतो.

वजाबाकी चुकलेली नसते. वहीचे पान संपले की मुनीम ‘मागील पानावरून पुढे’ असे लिहून रक्कम ओढून घेतो. १८० संपून उणे १८० सुरू होते, तेथे तसे ओढून घ्यावयास प्रणालीला कोणी सांगितलेले नसते, इतकेच. फरक १८० हून अधिक आला, तर तो ३६० मधून वजा करावा, २.६ अंश हाती येतात. क्षेत्राची आकृती असेल, तर काम किचकट होते. जिओजेसन या नोंदपद्धतीच्या २०१६ च्या प्रमाणानुसार अशी आकृती त्या रेखावृत्तावर कापून दोन तुकड्यांत नोंदवावी. फिजीच्या चौकटीची पश्चिम कड १७७, तर पूर्व कड उणे १७८ असू शकते. लहान आकडा तो पश्चिमेचा, असे धरून चालणारी प्रणाली ५ अंशांऐवजी ३५५ अंशांची चौकट मांडते.

दोष वाररेषेवर टाकला जातो, तो अन्यायाने. वाररेषा माणसांच्या सोयीने वळते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापाराचे दिवस जुळावेत म्हणून सामोआने २०११ साली ३० डिसेंबर हा दिवसच गाळला. त्याचा रेखांश मात्र पश्चिमच राहिला.

मुंबईच्या वा लंडनच्या नकाशावर ही उणीव कधीच उघड होत नाही, म्हणून ती टिकते. २० फेब्रुवारी २०१६ रोजी विन्स्टन चक्रीवादळ वनुआ बलावूवरून पश्चिमेकडे सरकत १८० वे रेखावृत्त ओलांडून व्हिटी लेवूवर आदळले. फिजीत ४४ माणसे दगावली. अशा वादळाच्या मार्गाचे बिंदू विचार न करता जोडले, तर रेघ उलट दिशेने आफ्रिका, ऑस्ट्रेलिया ओलांडीत जाते, आणि मधला खरा समुद्र कोरा राहतो.