वर चढणं सोप्पं असतं!

हिरकणीवाडीची आहे म्हटलं की लोक आधी रोपवेचं विचारतात. हो, रायगडाचा रोपवे आमच्या वाडीतूनच वर जातो, १९९६ पासून. पण त्याच्या आधीही वाडीतल्या बायका गडावर जायच्याच. डोक्यावर ताकाचं मडकं, खाली हजारावर पायऱ्या. माझी आई त्यातलीच एक. रोपवे आला तरी ती आजही चालतच जाते.

समुद्राशी आमचा तसा काय संबंध? तर आहे. महाड हे सावित्री नदीवरचं जुनं बंदर. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर शिडाची गलबतं थेट आतपर्यंत यायची. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेला बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून निघाले, तेही बोटीनंच. उतरले दासगाव बंदरात. पुढे रस्ते झाले, गलबतं गेली. आमच्या पिढीनं शीड पाहिलं ते इतिहासाच्या पुस्तकातल्या चित्रात.

म्हणून सिडनीला ऑनसाइट असताना टीममधल्यांनी ‘जेम्स क्रेग’वरच्या एका दिवसाच्या सफरीचा बेत काढला, तेव्हा मी सगळ्यात आधी हात वर केला. हे टुरिस्टांसाठी सजवलेलं नवं जहाज नव्हे. १८७४ मध्ये इंग्लंडच्या संडरलंडला बांधलेलं, तीन डोलकाठ्यांचं, लोखंडी मालवाहू जहाज. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, यानं २३ वेळा वळसा घातलाय! वाफेची जहाजं आल्यावर याचे दिवस फिरले आणि टास्मानियाच्या एका खाडीत ते कित्येक वर्षं गंजत पडलं. १९७२ मध्ये हौशी मंडळींनी ते पुन्हा तरंगतं केलं. मग दुरुस्तीला पाव शतकाहून जास्त काळ लागला. जहाजावरची मंडळीही स्वयंसेवक. पगार नाही, नुसती हौस.

हार्बर ब्रिजखालून इंजिनावर बाहेर पडलो. मग शिडं उघडायची वेळ आली आणि आम्हालाही दोरांना जुंपलं. एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी एका दमात ओढायचं. सगळी मिळून २१ शिडं, प्रत्येकाचे दोर वेगळे! आमच्या टीम लीडनं दोनच मिनिटांत हात टेकले. इंजिन बंद झालं आणि एकदम शांतता. फक्त लाकडाची करकर आणि वारा. खुल्या समुद्रात लाटा लागल्यावर टीममधले दोघं कठड्याला जाऊन ‘रिकामे’ झाले, ते सोडा.

परतताना, बंदराच्या शांत पाण्यात, ज्यांना हौस होती त्यांना डोलकाठीवर चढायची परवानगी मिळाली. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर. शिकवायला सत्तरीचे एक आजोबा. त्यांचा नियम एकच : एक हात जहाजासाठी, एक स्वतःसाठी. दोराच्या शिडीवरून पहिल्या मचाणापर्यंत मी भराभर गेले. गडाची सवय, दुसरं काय!

खरी मजा उतरताना. चढताना डोळ्यांना पुढची पायरी दिसते. उतरताना पाय हवेत सोडायचा आणि दोर लागेपर्यंत शोधत राहायचं. खाली जहाज डुलतंय. गुडघे लटपटायला लागले आणि मला हिरकणी आठवली. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून रात्री कडा उतरून गेली, असं सांगतात. लहानपणी ही गोष्ट मी पर्यटकांना शंभर वेळा तरी ऐकवली असेल. तिच्या पायांचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा केला. पट्टा नाही, दोर नाही, उजेड नाही.

आणि पाठोपाठ आईचे पाय आठवले. मागच्या सुट्टीत तिच्याबरोबर गड उतरत होते. ती आडवी होऊन उतरत होती. एक पाय खाली, मग दुसरा त्याच्या शेजारी. ‘हळू चल गं, घाई कसली,’ म्हणाली होती.

संध्याकाळी फोन लावला.

‘आई, आज जहाजाच्या डोलकाठीवर चढले!’

‘चढलीस त्याचं काय एवढं? उतरलीस ना नीट?’

‘उतरले. तुझा गुडघा कसा आहे?’

‘चढताना काही नाही होत.’

‘आणि उतरताना?’

‘तिकडे पाऊस आहे का गं?’

माझ्या इनबॉक्समध्ये दोन वर्षांच्या एक्स्टेन्शनचा मेल आठवडाभर पडून होता. पैसे चांगले होते, नाही कशाला म्हणा. सोमवारी उत्तर पाठवलं : सहा महिन्यांत काम हँडओव्हर करते, मग पुणे ऑफिस. पुण्याहून वाडी चार-पाच तासांवर. डॉक्टरकडे घेऊन जाणं तरी जमेल.

आईला सांगितलं तर म्हणाली, ‘ये. पण डॉक्टरचं नंतर बघू. ६ जूनची राज्याभिषेकाची गर्दी होऊन जाऊ दे. त्या दिवशी ताक पुरत नाही.’