मणिकर्णिकेला मेट्रो जात नाही

मुंबईच्या भुयारी मेट्रोची तुम्हाला एव्हाना सवय झाली असेल. आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं. दार उघडलं की चढायचं, दार उघडलं की उतरायचं.

काशीत ही सवय कँट स्टेशनवरच सोडावी लागते. इथे मेट्रोची चर्चा झाली, पण मेट्रो झाली नाही. त्याऐवजी कँट ते गोदौलिया रोपवेची पायाभरणी मार्च २०२३ मध्ये झाली. पण गोदौलियापर्यंत कसेही या, मणिकर्णिका घाट गाठायला नेहमीच्या वाटा म्हणजे गल्ली किंवा नाव.

गल्लीत वैताग पुष्कळ. दोन माणसं जेमतेम मावतील अशा जागेत गाय उभी असते, मागून मोटरसायकलवाला हॉर्न वाजवतो, आणि मोबाइलवरचा नकाशा तुम्हाला सरळ भिंतीत घालतो. पण दुकानदाराला विचारा, तो हातातलं काम टाकून वळण दाखवतो.

आम्ही बाबांच्या अस्थी घेऊन गेलो होतो. आईचे गुडघे पाहता मी नाव धरायचं म्हणत होते. आई म्हणाली, "येताना नावेने येऊ. जाताना मला चालत जायचंय." दर पन्नास पावलांवर एखाद्या ओट्यावर टेकत ती चालली. वाटेत "राम नाम सत्य है" ऐकू आलं आणि सगळी गल्ली भिंतीला चिकटली. हॉर्न थांबले. तिरडी पुढे गेली. आईने हात जोडले, पिशवी छातीशी धरली आणि उठली. या गल्लीत घाई फक्त एकाचीच चालते, आणि त्याला कोणी अडवत नाही.

परतताना नाव केली. भाव ठरवण्यात दहा मिनिटं गेली, तीही धरून चाला. पण नाव काठापासून सुटली की आवाज मागे राहतो. लाकडाच्या राशी, धूर, कललेलं रत्नेश्वर मंदिर, शेजारी बायजाबाई शिंद्यांनी बांधवून घेतलेला सिंधिया घाट. याच शहरात जन्मलेल्या झाशीच्या राणीचं माहेरचं नाव मणिकर्णिका, हे आईनेच नावाड्याला सांगितलं. तो म्हणाला, "मालूम है, माताजी." मग दोघं दशाश्वमेधपर्यंत गप्पा मारत राहिले. बाबा गेल्यापासून ती इतकं बोलली नव्हती.

तुम्ही जाल तेव्हा भाव आधी ठरवा. चितांचे फोटो काढू नका. पावसाळ्यात पाणी चढलं की नावा बंद होतात, घाटाच्या पायऱ्याही बुडतात, तेव्हा चौकशी करूनच निघा. बरोबर वयस्कर माणूस असेल, तर वाट त्यालाच निवडू द्या. वेळ जास्त लागेल, तेवढा हाताशी ठेवा.