ट्रॉली ढकलणारी पोर

वर्षावासातली गोष्ट. विहारातले ग्रंथवाचन आटोपून आम्ही बाहेर चपला शोधत होतो, तेवढ्यात आमचे थोरले बंधू पुतणीला घेऊन समोर उभे राहिले. "जयभीम. आता तूच हिला समजाव," एवढेच म्हणाले. पोरीची एका विमान कंपनीत केबिन क्रू म्हणून निवड झाली होती. हातात निवडीचे पत्र, आणि डोळे रडून लाल.

वस्तीत बातमी आमच्याही आधी पोहोचली होती. ग्रॅज्युएट होऊन लोकांना पाणी वाटणार काय, असे जो तो विचारत होता. खोटे कशाला बोला, आम्हीही दादांच्याच बाजूचे होतो. आमच्या आजोबांनी गावात येसकरकी केली. पाटलाचा सांगावा घेऊन धावायचे आणि रात्री घरोघर भाकरी मागायची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाचे बिल मांडले, पण वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्याने. त्या घरातल्या मुलीने पुन्हा कुणापुढे वाकून "काय देऊ साहेब?" म्हणायचे? आम्ही तिला बँकेच्या परीक्षा द्यायला सांगितले. सभेत बोलतो त्याच आवाजात सांगितले.

तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "काका, ते काम काय असतं हे तुम्ही कधी बघितलंय का?"

विमानात आम्ही आयुष्यात दोनदा बसलो. दोन्ही वेळा त्या मुली पुढे उभ्या राहून पिवळा मास्क कसा लावायचा ते दाखवत होत्या, आणि आम्ही खिडकीतून बाहेर बघत होतो.

कारकुनाला कागद वाचायची सवय असते. पुढचे आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले आणि वहीत टिपून ठेवले. विमान पस्तीस हजार फुटांवर, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर उडते. तिथल्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण इथल्याइतकेच असते, पण दाब इतका कमी की तो रक्तात पुरेसा उतरत नाही. म्हणून आत हवा दाबून भरतात आणि केबिन आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी ठेवतात. आपले कळसूबाई ५,४०० फूट, त्याच्याहून थोडी वरची हवा समजा. हा दाब गेला तर पस्तीस हजार फुटांवर माणूस भानावर राहतो तो अर्धा ते एक मिनिट. मास्क आपोआप खाली पडतात, त्यांतला प्राणवायू बारा-पंधरा मिनिटे पुरतो. तेवढ्यात वैमानिकाने विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणायचे असते.

आणि मागे त्या मुलामुलींनी? हातातले काम सोडून जवळचा मास्क तोंडावर घ्यायचा, मिळेल तिथे बसायचे, जागा नसेल तर दोन प्रवाशांच्या मध्ये स्वतःला अडकवून घ्यायचे. विमान खाली येऊन स्थिर झाले की प्राणवायूची छोटी बाटली घेऊन उठायचे. कोण बेशुद्ध आहे, शौचालयात कोण अडकले आहे, कुणाच्या कानातून रक्त येते आहे, हे एकेकाजवळ जाऊन बघायचे.

एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. २८ एप्रिल १९८८. अमेरिकेच्या हवाई बेटांवरून अलोहा एअरलाइन्सचे एक विमान हिलोहून होनोलुलूला निघाले होते. विमान एकोणीस वर्षांचे जुने, पत्र्याला थकव्याच्या चिरा पडलेल्या. चढताना एका बाईला पत्र्यावर चीर दिसलीही होती, पण ती कुणाला बोलली नाही. (आपण बोलायचे कसे, असे तिला वाटले असेल. आपल्यातल्या किती जणांना वाटते!) चोवीस हजार फुटांवर पुढच्या दारामागचे अठरा फूट छप्पर एका झटक्यात उडून गेले. क्लॅराबेल लॅन्सिंग पाचव्या रांगेपाशी उभ्या होत्या. सदतीस वर्षे नोकरी झालेली ती बाई क्षणात बाहेर फेकली गेली, ती पुन्हा सापडलीच नाही. जेन सातो-टोमिता डोक्याला मार लागून खाली पडल्या. तिसऱ्या मिशेल होंडा जमिनीवर आपटल्या, पण शुद्धीवर होत्या. वरती उघडे आभाळ, प्राणवायूची नळीच तुटलेली, वैमानिकांशी बोलायची सोय बंद. ही बाई त्या वाऱ्यात दोन रांगांमधल्या वाटेवरून सरपटत मागे-पुढे गेली आणि घाबरलेल्यांना धीर देत राहिली. पुढे कॅप्टन शॉर्नस्टाइमर आणि सहवैमानिक मॅडेलिन टॉम्पकिन्स यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येईना, म्हणून ते हातांनी खुणा करत होते. सुमारे तेरा मिनिटांत विमान माउई बेटावर उतरले. पंच्याण्णव जणांपैकी चौऱ्याण्णव जिवंत. प्रवाशांनी पट्टे बांधलेले होते.

तिथे लॅन्सिंगबाई सेवेसाठीच उभ्या होत्या. हे वाचल्यावर आम्ही वही मिटली आणि बराच वेळ काही केले नाही.

प्रत्येक वेळी शेवट असा होत नाही. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून अथेन्सला निघालेल्या हेलिओसच्या विमानात हवेच्या दाबाची कळ चुकीच्या जागी राहिली. भोंगा वाजला, तो वैमानिकांना दुसऱ्याच बिघाडाचा वाटला, आणि पाहता पाहता दोघेही बेशुद्ध झाले. विमान आपले आपण उडत राहिले. शेवटी आंद्रेआस प्रोद्रोमू हा पंचवीस वर्षांचा केबिन क्रू छोट्या बाटलीवर श्वास घेत वैमानिकांच्या खोलीत शिरला. त्याच्याकडे लहान विमाने चालवण्याचे शिक्षण होते. पण तोवर इंधन संपत आले होते. १२१ माणसे गेली. आपल्याकडे सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानातही दाबाची कळ लावायची राहिली. तीसेक प्रवाशांच्या नाका-कानातून रक्त आले, पण विमान सुखरूप परत उतरले. तिथे त्या मास्कनीच काम केले.

"हवाई सुंदरी" हा शब्द कुणी काढला कोण जाणे. १९३० साली या कामावर आलेली पहिली बाई, एलन चर्च, ही शिकलेली परिचारिका होती. पहिल्या मुली परिचारिकाच घेत. ते पुढे लोक विसरले, आणि आम्हीही त्या लोकांतलेच.

आम्ही दादांच्या घरी गेलो आणि वहिनींच्या देखत पुतणीला सांगितले की आमचे चुकले. दादा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी बॅग आणायला बाजारात गेले, एवढे कळले.

प्रशिक्षणानंतर ती सुट्टीला आली तेव्हा आम्ही तिला रविवारी विहारात बोलायला लावले. तिने कागदी कप आणि रबर घेऊन मुलांना मास्क बांधून दाखवला. आधी आपला, मग लेकराचा, असे म्हणाल्यावर बायकांत कुजबुज झाली. एक आजी उठल्याच, "अगं, आई कधी आधी स्वतःचं बघंल का?" पुतणी म्हणाली, "आजी, आई अर्ध्या मिनिटात बेशुद्ध पडली तर लेकराला कोण बांधणार?" आजी विचार करत खाली बसल्या. मग पुन्हा मान वर करून म्हणाल्या, "आणि ते चहाचं गाडं ढकलतेस ते?"

"तेही ढकलते की आजी," ती म्हणाली आणि कप गोळा करू लागली.