उजनीच्या काठावर

पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर भिगवण स्टेशन लागते. जवळच उजनी धरणाचे अथांग पाणी. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला लोक मुलाबाळांसह येतात. वाचक बंधू-भगिनींनी पक्षी पाहावेतच. पण मासळी बाजारातही घटकाभर थांबावे.

तेथे सर्वांत जास्त दिसते ती चिलापी. ही मूळची आफ्रिकेतली. तिची एक जात १९५२ साली भारतात आणली गेली. नर तळाशी खड्डा करून राखण करतो, मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते. कटला, रोहू मात्र पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी सोडून निघून जातात. साचल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही, म्हणून बीज सोडावे लागते. त्यात चिलापी दुसऱ्यांची अंडीही खाते.

तिला आवर घालते मरळ. ती चिलापीची पिल्ले गिळते. पण बारीक आसाच्या जाळ्यात मरळीचीच पिल्ले गेली, तर चिलापीला मोकळे रान!

चिलापी गरिबाच्या ताटात स्वस्तात पडते, हे खरे. परंतु एकाच माशावर मच्छीमाराचा संसार किती दिवस चालणार? एकाच्या असण्याने दुसरा असतो, हा तथागतांचा कार्यकारणभाव पाण्यातही लागू आहे. पिल्ले सोडून द्यावीत, मोठा मासा धरावा.