पासलीच्या वाटेवर

दर पावसाळ्यातला एक रविवार आम्ही पती-पत्नी डोंगरासाठी राखून ठेवतो. एरवी आठवडाभर घरात पेटी आणि तबला. मुलांना गाणे शिकवणे हाच आमचा पेशा.

यंदा नसरापूरवरून वेल्ह्याला आलो, तेव्हा 1,403 मीटर उंचीचा तोरणा ढगात बुडाला होता. पुढे केळदच्या रस्त्यावर पासली. गावात गाडी लावून चालू लागलो. खाचरांत भातलावणी चालली होती. जोहरची वेळ झाली तेव्हा पाऊस कोसळत होता. एका आजींनी ओसरीवर कोरडी घोंगडी अंथरून दिली. नमाज झाल्यावर कोरा चहाही दिला.

चढावर आमची धाकटी मागे पडली. ओहोळापाशी थांबून म्हणाली, "अब्बा, हे पाणी दोन आवाजांत बोलतंय." आम्हीही थांबलो. डोंगरात सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलाने सगळे चालतात. तो नियम आम्हीच मुलांना शिकवला आहे.

तिथेच आम्हाला ती दुसरी मुलगी आठवली. तिचा षड्ज स्थिर होत नव्हता. परीक्षा जवळ आली होती. "पुढच्या वर्षी बस," म्हणून आम्ही तिला मागच्या रांगेत बसवले. नंतर ती आलीच नाही, आणि आम्हीही विचारपूस केली नाही. वर्गात आमची पावले सर्वांत पुढच्या मुलाच्या मागे धावत होती.

उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी 1913 साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व, रोशनआरा बेगम त्यांच्याच तालमीतले. 1937 साली खाँसाहेबांचे निधन झाले. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात त्यांची कबर आहे. गाणे मात्र थांबले नाही. सवाई गंधर्वांकडून ते गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशींकडे गेले. ही परंपरा प्रमाणपत्रांनी चालत आलेली नाही. एकाने दुसऱ्याला समोर बसवून घेतले, म्हणून ती चालली. आम्हीही या कामात आलो ते त्याच ओढीने. मध्येच केव्हातरी निकाल मोजू लागलो.

परतताना घरी न जाता आम्ही त्या मुलीच्या दारात उभे राहिलो. चपलांना पासलीचा चिखल तसाच होता. तिच्या अम्मीने आत बोलावले. मुलगी पडद्याआडून बघत होती. "चूक आमची झाली," आम्ही म्हणालो. "परीक्षेचं नंतर बघू. सोमवारी ये, फक्त सा लावू."

ती काहीच बोलली नाही. सोमवारी मगरीबनंतर दार वाजले, तेव्हा आम्ही दोघेही उठलो.