प्रतापगड, आमची नणंदबाई आणि कॅनडाची फाईल

प्रतापगड म्हटलं की कुणालाही साताऱ्याकडचा, अफझलखानाच्या गोष्टीतला किल्लाच आठवतो. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथेही मुलं हमखास तेच उत्तर देतात. पण मैत्रिणींनो, आमचा प्रतापगड वेगळा. तो गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसायचे, अर्जुनीला उतरायचे आणि पुढचा रस्ता धानाच्या बांध्यांमधून, बोड्यांच्या काठाकाठाने धरायचा. जवळच नवेगावबांधचे जंगल आणि गोठणगावचा इटियाडोह जलाशय. डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. महादेवाचे स्थान आहे, आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही याच डोंगरावर आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. नारळ-उदबत्तीवाल्यांच्या शेजारी दर्ग्यावरच्या चादरी विकणारा बसलेला असतो, आणि पुष्कळ बायका दोन्हीकडे डोकं टेकवून मगच खाली उतरतात.

याच भागात माझे सासर. 2025 च्या महाशिवरात्रीला, म्हणजे 26 फेब्रुवारीला, आम्ही सगळे यात्रेला गेलो होतो. पण त्या वर्षी सासूबाईंचे लक्ष देवापेक्षा माझ्या पर्समधल्या हिरव्या फाईलकडे जास्त होते. माझ्या धाकट्या नणंदेचे लग्न त्याच हिवाळ्यात झाले. जावई कॅनडात नोकरीला, तिथे कायम राहण्याचा परवाना मिळालेले. लग्नानंतर तीन आठवड्यांनी ते परत गेले आणि नणंद इथेच राहिली. गावात "पोरीला कधी नेतात?" हा प्रश्न पाण्याच्या घागरीबरोबर रोज घरी येऊ लागला. शहरातल्या एका एजंटाने सगळे कागद करून देतो म्हणून जो आकडा सांगितला, तो ऐकून मामंजी रस्त्याकडेचे धानाचे वावर गहाण टाकायला निघाले होते. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "एवढ्या पैशात तं नवीन वावर येते, बाई. तू बीए झाली ना? तूच वाच ना काय लिवलं हाय तं."

मग वाचले. कॅनडाच्या सरकारी खात्याने स्वतःच लिहून ठेवले आहे की अर्ज भरायला वकील किंवा एजंट लागत नाही आणि तो नेमला म्हणून अर्जाकडे जास्त लक्षही दिले जात नाही. पैसे घेऊन दुसऱ्याचा अर्ज भरणाऱ्याकडे मात्र तिथला परवाना असावा लागतो. हे आम्ही त्या एजंटाला विचारले तेव्हा त्याने चहा मागवला आणि विषय बदलला. इथेच माझा निम्मा निर्णय झाला. बाकी निम्मा आमच्या ह्यांनी केला, कारण झेरॉक्स काढायला आणि स्टेशनवर सोडायला तेच होते!

या अर्जात दोन माणसे असतात. तिथला नवरा हा प्रायोजक. त्याचा 1344 क्रमांकाचा नमुना. त्यात तो बायकोचा खर्च तीन वर्षे उचलण्याची हमी देतो. इकडची बायको ही अर्जदार, तिचे वेगळे नमुने. 5532 क्रमांकाचा नमुना दोघांचा मिळून, आणि खरी परीक्षा त्यातच. तुमची ओळख कशी झाली, कोणी करून दिली, पहिल्यांदा कुठे भेटलात, लग्नाला कोण हजर होते, असे सगळे त्यात विचारतात. आपल्याकडे ठरवून लग्ने होतात, तेव्हा नवरा-नवरी दोघांची मिळून भेट ती किती! पण म्हणून काही लपवायचे कारण नाही. मामेसासऱ्यांनी स्थळ आणले, बैठक कुठल्या तारखेला झाली, साखरपुडा कधी, सगळे जसे घडले तसे साध्या वाक्यांत लिहिले. नवरा-नवरी दोघांनी वेगवेगळे लिहून मग तारखा ताडून पाहिल्या. या सर्व अर्जासाठी कागदांची एक यादी खातेच देते, 5533 क्रमांकाची. ती मी स्वयंपाकघरात पंचांगाशेजारी लावली आणि एकेक ओळ खोडत गेले.

लग्नाची नोंदणी आधीच झाली होती हे फार बरे. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याने लग्न नव्वद दिवसांच्या आत नोंदवायचे असते, उशीर झाला तर दंड भरून. खेड्यात हे काम ग्रामपंचायतीत होते. नवरा-नवरी, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते. जावई जायच्या आधी हे उरकावे म्हणून मी मांडव उतरायच्या आत मागे लागले होते. नवरा परदेशी गेला, की त्याला सहीसाठी परत बोलावणे विमानाच्या तिकिटाइतके महाग. ज्यांच्या घरी असे लग्न ठरले असेल त्यांनी मेंदी-हळदीच्या यादीतच ही नोंदणी लिहून ठेवावी.

नावांचा घोळ मात्र आपल्याकडे ठरलेलाच. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर नाव-वडिलांचे नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. लग्नानंतर वडिलांच्या जागी नवरा येतो, आडनाव बदलते, कुठे कुठे तर नावही बदलतात. नातेवाइकांपैकी तिघांनी ठामपणे सांगितले की आधी पासपोर्ट बदला, नवऱ्याचे नाव घाला, नाहीतर व्हिसा होत नाही. यादीत तशी अट कुठेच नव्हती. नणंदेचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, लग्नाच्या प्रमाणपत्रावर लग्नाआधीचे नाव तेच. मग ते तसेच ठेवले. अर्जात आणखी कुठली नावे असतील तर ती लिहायला जागा असते, तिथे सासरचे नाव लिहिले. माझे स्वतःचे मत विचाराल तर व्हिसा हातात येईपर्यंत नाव बदलण्याच्या फंदात पडूच नये.

खरे अडले ते गावापाशी. नणंदेचा जन्म 1996 चा. जन्मदाखल्यावर जिल्हा भंडारा. पासपोर्टवर जिल्हा गोंदिया. दोन्ही बरोबर! गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी. आपल्याला हे माहीत असते, पण सातासमुद्रापलीकडे टेबलाशी बसलेल्या माणसाने ते कुठून समजून घ्यावे? त्याला वाटायचे, ही मुलगी दोन ठिकाणी जन्मली. शिवाय प्रतापगडचे इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर 'डी'ने संपणारे, दुसऱ्यावर 'आरएच'ने. अर्जुनी मोरगावचीही तीच तऱ्हा.

या कोड्याचे उत्तर मला यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मिळाले, आणि तेही अनपेक्षित ठिकाणी. प्रतापगड-गोठणगावच्या परिसरात तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग नावाची. 1972 साली वसवलेली. जंगलाच्या कडेला एकदम रंगीत पताका फडफडताना दिसतात, गोंपा दिसते, आणि नवख्या माणसाला आपण गोंदिया जिल्ह्यातच आहोत ना असे वाटते. ही मंडळी धान पिकवतात आणि थंडीत शहरोशहरी स्वेटर विकायला जातात. तुम्हीही त्यांच्याकडून मुलांचे स्वेटर घासाघीस करून घेतले असतीलच. आमच्या सासूबाईंची तिथल्या एका बाईंशी बरीच वर्षांची ओळख. आम्ही गेलो, त्यांनी लोणी-मिठाचा चहा पुढे केला. सासूबाईंनी तो कढीसारखा फुंकून प्यायला आणि माझ्या फाईलची हकीगत सांगून टाकली.

त्या बाई हसल्या. म्हणाल्या, "ताई, कागदाचं काम आमच्याकडून शिका. आमचं आयुष्य त्यातच गेलं." आणि खरेच तसे आहे. त्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट नसतो. इथे राहण्यासाठी नोंदणीचे प्रमाणपत्र, त्याला ते आरसी म्हणतात. त्याचे वेळोवेळी नूतनीकरण. परदेशी जायचे तर पासपोर्टऐवजी पिवळ्या कव्हरचे ओळखपत्रवजा पुस्तक, ते आयसी. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने 2016 मध्ये निकाल दिला की 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 या काळात भारतात जन्मलेले तिबेटी हे जन्माने भारतीयच आहेत, आणि 2017 पासून त्यांना पासपोर्ट देण्याच्या सूचना निघाल्या. पण त्या बाई जन्मल्या तिबेटात, आईच्या पाठीवर बसून आलेल्या. त्यांना तो निकाल लागू नाही.

अमेरिकेने 1990 च्या एका कायद्याने भारत-नेपाळमधल्या एक हजार तिबेट्यांना व्हिसा दिले होते. 1992-93 च्या सुमारास ते लोक गेले. पण साधारण एका घरातून एकच माणूस. बायको-मुले मागे, वसाहतीत. नवऱ्याने तिकडे पाय रोवायचे, मग अर्ज करायचा, मग इकडून कागद पाठवायचे. बाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा असाच गेला. ती कित्येक वर्षे धानाची रोवणी करत आणि स्वेटर विकत थांबली. मुलगा बापाला फोटोतच ओळखायला शिकला. वकील करायला पैसे कोणाकडे होते? दोघी बहिणींनीच सगळे केले. बाईंनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून दाखवली. प्रत्येक पत्राचे पाकीट जपलेले, कारण पाकिटावर टपालाचा शिक्का आणि तारीख असते. प्रत्येक फोटोच्या मागे कोण, कुठे, कधी हे लिहिलेले. पैसे आल्याच्या पावत्या सुतळीने बांधलेल्या. बहीण केव्हाच गेली, पेटी मात्र इथेच आहे. "फेकवत नाही," एवढेच त्या म्हणाल्या, आणि थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

भंडारा-गोंदियाचे कोडे ऐकून त्या म्हणाल्या, "आम्हाला तर अजून सगळे भंडाऱ्याचेच म्हणतात. आमच्या जुन्या कागदांवर भंडारा, नव्यावर गोंदिया. चूक नाही तर दुरुस्ती कशाला? एका पानावर लिहून द्यायचं, की जिल्हा बदलला, माणूस नाही."

हे माझ्या मनातच आले नव्हते. मी दाखला बदलून आणायचा विचार करत होते. त्यात किती महिने गेले असते कोण जाणे, आणि नवा कागद जुन्या पासपोर्टशी पुन्हा भांडला असता. त्या रात्री एक पानाचे पत्र लिहिले. 1 मे 1999 रोजी जिल्हा वेगळा झाला, गाव तेच, तालुका तोच. स्पेलिंगचे कोणकोणते प्रकार कोणत्या कागदावर आहेत त्याचीही यादी दिली. खाली नणंदेची सही.

बाकीची कामे मग भराभर झाली. पोलिसांचा दाखला म्हणजे आपल्या ठाण्यातला चारित्र्याचा दाखला नव्हे. तो पासपोर्ट कार्यालयातून काढायचा, आमच्यासाठी नागपूर. वैद्यकीय तपासणी घरच्या डॉक्टरांची चालत नाही, कॅनडाने नेमलेल्याच डॉक्टरांकडे जावे लागते. आणि मराठी कागदांचे भाषांतर. हौसेने मी लग्नपत्रिका भाषांतरित करायला घेतली. 'चि. सौ. कां.' या तीन अक्षरांशी मी तासभर झटापट केली! मग सूचना नीट पाहिल्या तर घरच्या माणसांनी केलेले भाषांतर चालतच नाही. भावजय त्यात मोडते की नाही यावर वाद घालण्यापेक्षा शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना विनंती केली. त्यांनी भाषांतर केले आणि ते बरोबर असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर केले. फोटो जास्तीत जास्त वीस. अल्बममध्ये पाचशे होते. निवडताना घरात जे रुसवेफुगवे झाले ते विचारू नका. आत्याबाईंना अजून वाटते की त्यांचा फोटो मी मुद्दाम गाळला. मी म्हटले, सजलेल्या नवरीचे दहा फोटो नकोत. दोन्हीकडची माणसे दिसतील असे, बैठकीपासून पाठवणीपर्यंतचे, आणि प्रत्येकाखाली तारीख नि नाव. पत्र्याच्या पेटीतलाच नियम. पत्रांची पाकिटे आता नसतात. त्याऐवजी फोनवरच्या रोजच्या बोलण्याची थोडी पाने काढून लावली. नणंद लाजून म्हणाली, "वहिनी, सगळं नका ना वाचू." मी फक्त तारखा पाहिल्या. बहुतेक!

जावयांनी तिकडून फी भरली आणि दोघांचा अर्ज एकत्रच ऑनलाइन गेला. सरकारी फी, नोटरी, नागपूरच्या खेपा, सगळे धरूनही एजंटाच्या आकड्याच्या कितीतरी आत खर्च भागला. वावर मामंजींच्याच नावावर आहे. त्या खरिपात त्यात धान लावले. पोच आली, पाठोपाठ बोटांचे ठसे देण्याचे पत्र आले. त्याला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून लगेच दोघी मुंबईला जाऊन आलो. नणंदेने मुंबई पहिल्यांदाच पाहिली.

निकाल अजून यायचा आहे. नणंद रोज सकाळी भाताला आधण ठेवले, की फोनवर अर्जाची स्थिती पाहते आणि मग तांदूळ धुवायला घेते. हिवाळ्यात त्या तिबेटी बाई स्वेटर विकायला निघाल्या तेव्हा वाटेत घरी डोकावल्या. नणंदेसाठी एक जाड लोकरीची टोपी ठेवून गेल्या. पैसे घ्यायला तयार नव्हत्या. सासूबाईंनी त्यांच्या पिशवीत पायलीभर तांदूळ घातला.